तळणीचें टाकाऊ तेल आणि शेतकऱ्याचें डिझेल इंजिन

पुणें शहरांत पहांटेपासून रात्रीपर्यंत किती कढया भट्टीवर असतात, याचा अंदाज शहरांत हिंडणाऱ्या कोणासही सहज येतो. वडे, भजीं, शेव, चिवडा, बाकरवडी यांच्या तळणींतून शेवटीं जें काळें व दाट तेल उरतें, त्याच्या तीन वाटा असतात. कांहीं तेल मोरींतून गटारांत व गटारांतून मुळा-मुठेंत जातें. कांहीं स्वस्तांत विकलें जाऊन पुन्हां कोणाच्या तरी कढईंत चढतें. आणि कांहीं, अलीकडच्या काळांत, इंधनासाठीं गोळा होतें. या तिसऱ्या वाटेचा विचार आज करावयाचा आहे.

शेतकऱ्यास हा विषय परका नाहीं. मार्केट यार्डांत भाजी उतरवून गांवाकडे परतणारी मालमोटार पुष्कळ वेळां रिकामी जाते. तींत तळणीच्या तेलाचे डबे घालून न्यावे आणि विहिरीवरच्या इंजिनांत, ट्रॅक्टरांत अथवा त्याच मालमोटारींत तें जाळावें, असा विचार मनांत येणें स्वाभाविक आहे. डिझेलचा खर्च दर हंगामांत डोईजड होत असतां हा विचार मोहक वाटतो. परंतु इंजिन हें शेतकऱ्याच्या भांडवलापैकीं मोठें भांडवल आहे. चार पैसे वांचविण्याच्या नादांत तें निकामी झालें, तर ऐन पाण्याच्या पाळीला पीक वाळतें. म्हणून यांत शक्य काय, अशक्य काय आणि फायद्याचें काय, हें नीट समजून घेऊन मगच हात घालावा, असें आमचें मत आहे.

डिझेल इंजिन व भुईमुगाचें तेल

वनस्पतीच्या तेलावर इंजिन चालविणें ही नवी कल्पना नव्हे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन यंत्रशास्त्रज्ञाचें पहिलें यशस्वी इंजिन १८९७ सालीं ऑग्सबर्ग येथें तयार झालें. पुढें १९०० सालीं पॅरिस येथील प्रदर्शनांत ऑटो कंपनीनें एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविलें. आफ्रिकेंतील वसाहतींत भुईमूग मुबलक पिकतो, तेव्हां तेथील यंत्रांस तेथलेंच इंधन मिळावें, असा फ्रेंच सरकारचा हेतु होता. ही हकीकत खुद्द डिझेलनें १९१२ सालीं सांगितली आहे. १० ऑगस्ट हा दिवस जैवइंधन-दिन म्हणून पाळला जातो व त्या दिवशीं १८९३ सालीं भुईमुगाच्या तेलावर इंजिन चाललें असें पुष्कळदां छापलें जातें. तें बरोबर नाहीं. १८९३ च्या त्या दिवशीं डिझेलच्या पहिल्या इंजिनाची चांचणी झाली हें खरें. भुईमुगाचें तेल मात्र पॅरिसच्या प्रदर्शनांतील आहे.

१९३७ सालीं बेल्जममधील ब्रुसेल्सच्या विद्यापीठांतील शावान या शास्त्रज्ञास पामतेलावर रासायनिक संस्कार करून त्याचें इंधन बनविण्याचें पेटंट मिळालें, आणि पुढील वर्षीं त्या इंधनावर ब्रुसेल्स ते लुव्हें या मार्गावर एक प्रवासी बस धांवली. दुसऱ्या महायुद्धांत खनिज तेलाची टंचाई पडली तेव्हां आपल्या देशांतील शास्त्रज्ञांनींही येथील तेलें डिझेल इंजिनांत जाळून पाहिलीं. त्यांचें संशोधन १९४२ सालीं प्रसिद्ध झालें. युद्ध संपलें, खनिज तेल पुन्हां स्वस्त झालें आणि हा विषय मागें पडला.

महाराष्ट्रांत मात्र याच सुमारास डिझेल इंजिन शेतावर येत होतें. सातारा रोड येथील कूपरच्या कारखान्यानें १९३० नंतरच्या दशकांत डिझेल इंजिनें बनविलीं. १९४६ सालीं पुण्याजवळ खडकी येथें किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. मोटेच्या जागीं इंजिन आलें व बागाईत वाढली. तीं संथ चालणारीं जाड इंजिनें आजही कांहीं विहिरींवर दिसतात. आपल्या प्रश्नाशीं त्यांचा विशेष संबंध आहे, तो कसा तें पुढें येईल.

तेल व डिझेल यांत फरक कोणता

खाद्यतेलाचा कण म्हणजे ग्लिसरीनच्या एका कण्यास चिकटलेल्या मेदाम्लांच्या तीन लांब सांखळ्या होत. डिझेलचा कण याहून पुष्कळ लहान व सुटा असतो. पुढील सर्व अडचणींचें मूळ या एका गोष्टींत आहे.

पहिला फरक दाटपणाचा. ४० अंश सेंटिग्रेड उष्णतेस डिझेलचा दाटपणा २ ते ४.५ सेंटिस्टोक असावा असें भारतीय मानक सांगतें. त्याच उष्णतेस खाद्यतेलाचा दाटपणा ३० ते ४० भरतो, आणि तळून तळून जुनें झालेलें तेल त्याहूनही दाट असतें. म्हणजे तेल डिझेलच्या सुमारें दसपट दाट झालें. डिझेल इंजिनांत ठिणगी नसते; दाबानें तापलेल्या हवेंत इंधनाचा बारीक फवारा उडतो व तो आपोआप पेटतो. फवारा जितका बारीक तितकें ज्वलन पुरें. दाट तेलाचा फवारा न होतां जाड थेंब होतात. ते अर्धवट जळतात व नॉझलच्या तोंडाशीं कोळशासारखी पुटें धरतात. पुटें वाढलीं कीं फवारा आणखी बिघडतो आणि दोष दोषास वाढवीत जातो.

दुसरा फरक असा कीं, न जळलेलें तेल पिस्टनच्या रिंगांतून खालीं वंगणांत उतरतें. डिझेल उतरलें तर वंगण पातळ होतें. हें तेल उतरलें तर उष्णतेनें त्याचे कण एकमेकांस जोडले जाऊन वंगण घट्ट होत जातें, व दुर्लक्ष झालें तर तें खळीसारखें बनतें. रिंगा खोबणींत चिकटतात, दाब कमी होतो आणि अखेर बेअरिंगांस वंगण पोंचत नाहीं. हा बिघाड पहिल्या दिवशीं दिसत नाहीं. इंजिन आठवडा-पंधरवडा सुरळीत चालतें, धुरास भज्यांचा वास येतो व मालक खूष होतो. खरी परीक्षा दोनशें तासांनंतर होते.

तिसरा फरक थंडीचा. उपाहारगृहांत पामतेल फार वापरलें जातें. पुण्याकडे पौषांत पहांटे उष्णता दहा अंशांच्या आसपास उतरते, तेव्हां असें तेल गढूळ होऊन थिजूं लागतें. वनस्पति तूप मिसळलेलें असेल तर तें याच्या कितीतरी आधींच गोठतें. थिजलेलें तेल फिल्टरांतून जात नाहीं.

उष्णतेच्या दृष्टीनें मात्र तेल फारसें मागें नाहीं. एक लिटर डिझेलच्या मानानें एक लिटर तेलांत सुमारें ५ ते ६ टक्के उष्णता कमी असते. शिवाय तें पेट घेण्यास डिझेलपेक्षां फार अधिक उष्णता लागत असल्यामुळें साठवणींत आगीचें भय कमी.

कोणतें इंजिन सोसेल

इंजिनांचे या बाबतींत तीन वर्ग करावे.

पहिला वर्ग विहिरीवरच्या जुन्या संथ इंजिनांचा. मिनिटास सहाशें-साडेसहाशें फेरे घेणाऱ्या या इंजिनांत इंधनास जळण्यास वेळ मिळतो, नॉझलचीं छिद्रें त्या मानानें मोठीं असतात आणि दुरुस्ती गांवच्या मिस्त्रीच्या आटोक्यांतील असते. तेलाचा प्रयोग करावयाचाच तर तो येथें करावा.

दुसरा वर्ग जुन्या ट्रॅक्टरांचा व मालमोटारींचा, ज्यांत यांत्रिक फ्युएल पंप आहे. यांतही भेद आहे. एका ओळींत दट्टे असलेला पंप इंजिनाच्या वंगणावर चालतो व दाट इंधन कांहीं अंशीं सोसतो. फिरत्या जातीचा पंप स्वतःचें वंगण इंधनांतूनच घेतो. दाट व थंड तेलानें त्याची मोडतोड होण्याचें भय अधिक. आपल्या गाडीस कोणता पंप आहे हें मिस्त्रीकडून आधीं पाहून घ्यावें.

तिसरा वर्ग आधुनिक कॉमन रेल इंजिनांचा. यांत इंधनाचा दाब दीड हजार वातावरणांहून अधिक असतो, नॉझलचीं छिद्रें केंसासारखीं बारीक असतात आणि धूर शुद्ध करणारीं गाळणीं धुराड्यांत बसविलेलीं असतात. १ एप्रिल २०२० पासून विकलीं जाणारीं बीएस-६ डिझेल वाहनें या वर्गांत मोडतात. यांत तळणीचें तेल, गाळलेलें असो वा तापविलेलें, मुळींच घालूं नये. एका नॉझलची किंमत वांचविलेल्या सर्व डिझेलहून अधिक भरेल, व वाहनाची हमीही जाईल.

तेलाची परीक्षा व शुद्धि

तळणीच्या तेलांत तीन शत्रू असतात: अन्नाचे कण, पाणी व मुक्त आम्ल.

कणांसाठीं तेल उंच पिंपांत निदान आठ दिवस निवांत ठेवावें. उन्हांत ठेवल्यास तें पातळ होऊन गाळ लवकर बसतो. वरचें तेल काढून घ्यावें, तळचा चार बोटें भाग तसाच सोडावा. मग तें प्रथम जाड कापडांतून व नंतर दहा मायक्रॉनच्या आंतील फिल्टरमधून गाळावें. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

पाण्याची परीक्षा प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. तापलेल्या तव्यावर तेलाचे चार थेंब टाकावे. तडतड झाली तर पाणी आहे असें समजावें. तें घालविण्यासाठीं तेल शंभर अंशांच्या थोडें वर तापवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावें. भांडें अर्धेंच भरावें, कारण पाणी उसळून तेल उतूं जातें व चुलीवर पडल्यास भडका होतो. पाणी राहिलेलें तेल पंपास गंज आणतें.

मुक्त आम्ल हें तेल किती जळलें आहे याचें माप होय. त्याची परीक्षा अशी. एक लिटर शुद्ध पाण्यांत एक ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवावा. दहा मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलांत एक मिलिलिटर तेल मिसळून त्यांत फेनॉल्फ्थॅलीनचे दोन-तीन थेंब टाकावे, व सोड्याचें पाणी थेंबथेंब घालून मिश्रणास टिकाऊ गुलाबी रंग येईपर्यंत किती मिलिलिटर लागलें तें लिहून ठेवावें. दोन-तीन मिलिलिटर लागले तर तेल बरें आहे. पांच-सहाच्या वर गेलें तर तें फार जळलें आहे व इंजिनाच्या कामास लावण्याजोगें नाहीं. शाळेच्या प्रयोगशाळेंतही होण्याजोगी ही परीक्षा आहे. तेल विकत घेण्यापूर्वीं ती करावी, म्हणजे भावाची घासाघीस डोळस होईल.

तांब्याचीं भांडीं व नळ्या या कामीं वापरूं नयेत. तांब्याच्या संसर्गानें तेल लवकर खवट व चिकट होतें. तेलानें भिजलेल्या चिंध्या ढीग करून ठेवूं नयेत. त्या आपोआप तापून पेट घेऊं शकतात.

तीन मार्ग

तेलाचा दाटपणा कमी करणें हेंच सर्व युक्त्यांचें सार आहे. त्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग मिश्रणाचा. गाळलेलें व निर्जल केलेलें तेल डिझेलमध्यें मिसळावें. शेंकडा दहापासून आरंभ करावा व शेंकडा वीसच्या पुढें जाऊं नये. हा सर्वांत सोपा मार्ग होय. परंतु यानें दोष नाहींसा होत नाहीं, केवळ लांबतो. म्हणून वंगण निम्म्या मुदतींत बदलावें आणि नॉझल काढून वरचेवर साफ करावें.

दुसरा मार्ग दोन टाक्यांचा. एका टाकींत डिझेल व दुसरींत तेल ठेवावयाचें. इंजिन डिझेलवर सुरू करावयाचें. तें तापलें म्हणजे त्याच्याच गरम पाण्याची नळी तेलाच्या टाकींतून फिरवून तेल ७० ते ८० अंशांपर्यंत आणावयाचें व मग तोटी फिरवून तेलावर यावयाचें. या उष्णतेस तेलाचा दाटपणा पुष्कळ उतरतो, तरीही तो डिझेलच्या दुप्पट-तिप्पट राहतो. बंद करण्यापूर्वीं पुन्हां कांहीं मिनिटें डिझेलवर चालवून पंप व नॉझल धुवून काढावें. हें एकदां जरी विसरलें, तरी थंड तेल पंपांत थिजून बसतें व सकाळीं इंजिन सुरू होत नाहीं. परदेशांत जुन्या मालमोटारी व मोटारगाड्या हौसेनें या रीतीनें चालविल्या गेल्या आहेत. दूरच्या संथ प्रवासास ही रीत शोभते. थांबत थांबत जाणाऱ्या किंवा हलक्या ओझ्यावर चालणाऱ्या इंजिनास शोभत नाहीं, कारण हलक्या ओझ्यावर सिलिंडर पुरेसा तापत नाहीं व पुटें लवकर धरतात.

तिसरा मार्ग रासायनिक संस्काराचा. यासच बायोडिझेल म्हणतात. तेलांत मेथॅनॉल व कॉस्टिक सोडा घालून ५५ ते ६० अंशांवर सुमारें एक तास ढवळलें असतां ग्लिसरीनचा कणा सुटतो व त्याच्या जागीं मेथॅनॉल येऊन प्रत्येक सांखळी सुटी होते. ग्लिसरीन जड असल्यामुळें खालीं बसतें. वर राहतें तें बायोडिझेल. शंभर लिटर तेलास सुमारें वीस लिटर मेथॅनॉल लागतें. सोडा ताज्या तेलास लिटरमागें साडेतीन ग्रॅम. जुन्या तेलास वरील परीक्षेंत जितके मिलिलिटर आले तितके ग्रॅम आणखी. उदाहरणार्थ, परीक्षेंत अडीच आले तर लिटरमागें सहा ग्रॅम, म्हणजे शंभर लिटरांस सहाशें ग्रॅम. तेलांत पाणी असेल अथवा सोडा चुकला तर इंधनाऐवजीं साबण होतो.

ही कृति येथें समजुतीसाठीं दिली आहे. ती घरीं करण्याचा सल्ला आम्ही देत नाहीं. मेथॅनॉल हें विष आहे. तें पोटांत गेल्यास माणूस आंधळा होतो अथवा मरतो, त्याची वाफही घातक आहे, आणि त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाहीं. त्याच्या खरेदीवर व साठ्यावर कायद्याचे निर्बंध आहेत. तळाशीं उरलेल्या ग्लिसरिनांतही मेथॅनॉल राहतें. तें जनावरांस चारूं नये व विहिरीजवळ ओतूं नये. चुलीशेजारीं, मुलांबाळांच्या घरांत करण्याचा हा उद्योग नव्हे. तो कारखान्यांत, जाणत्या माणसाच्या देखरेखीखालींच व्हावा. तयार झालेल्या इंधनासही आय. एस. १५६०७ हें भारतीय मानक आहे, व त्यास उतरल्याशिवाय तें डिझेलमध्यें मिसळणें योग्य नाहीं. जुन्या इंजिनांतील रबराच्या नळ्या बायोडिझेलनें फुगतात, हेंही ध्यानांत असावें.

जमाखर्च

आतां पैशाचा विचार करूं. पुढील आंकडे उदाहरणादाखल धरले आहेत. वाचकांनीं आपापल्या गांवचे भाव घालून हिशेब करावा.

पांच अश्वशक्तीचें इंजिन तासास सरासरी एक लिटर डिझेल खातें व वर्षास ६०० तास चालतें असें धरूं. डिझेलचा भाव ९० रुपये धरल्यास वर्षाचा खर्च ५४,००० रुपये. पहिल्या मार्गानें शेंकडा वीस तेल घातलें, तर १२० लिटर शुद्ध तेल लागेल. उष्णता थोडी कमी असल्यामुळें तें सुमारें ११३ लिटर डिझेलचें काम करील. म्हणजे १०,१७० रुपयांचें डिझेल वांचेल.

आतां खर्चाची बाजू. गाळ व पाणी यांत शेंकडा दहा तूट धरली तर १२० लिटर शुद्ध तेलासाठीं सुमारें १३४ लिटर कच्चें तेल घ्यावें लागेल. लिटरला ५० रुपये भावानें त्याचे ६,७०० रुपये. तापविणें व गाळणें यांस लिटरमागें ६ रुपये धरले तर ७२०. वंगण अडीचशें तासांऐवजीं सव्वाशें तासांनीं बदलल्यामुळें वर्षांत दोन वेळां जास्त बदलावें लागेल. प्रत्येक वेळीं साडेतीन लिटर व लिटरला २५० रुपये धरून १,७५० रुपये. नॉझलच्या सफाईचे ५००. एकूण खर्च ९,६७० रुपये. बचत राहिली ५०० रुपये. आणि यांत मालकाच्या श्रमाची मजुरी धरलेलीच नाहीं.

तेंच तेल गांवच्या मंगल कार्यालयांतून अथवा वसतिगृहाच्या स्वयंपाकघरांतून फुकट मिळालें, तर बचत ७,२०० रुपयांवर जाते. यावरून निष्कर्ष उघड आहे. इंजिन तेलावर चालतें कीं नाहीं हा खरा प्रश्न नव्हे. कच्चें तेल कोणत्या भावानें मिळतें हा खरा प्रश्न होय. शहरांत तेल गोळा करणारे व्यापारी आतां उपाहारगृहांस चांगला दाम देतात. त्यांच्याशीं चढाओढ करून एकट्यानें तेल विकत घेण्यांत लाभ नाहीं.

आणि ताजें खाद्यतेल इंजिनांत घालण्याचा विचार तर कोणीही करूं नये. आपला देश आपल्या गरजेच्या अर्ध्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. ताटांतलें तेल विहिरीवर जाळणें अर्थशास्त्रास व धर्मास दोन्हींस सोडून आहे.

कायदा व आरोग्य

तळणीचें तेल पुनःपुन्हां तापविल्यानें त्यांत घातक द्रव्यें तयार होतात. त्यांचें प्रमाण शेंकडा २५ च्या वर गेलेलें तेल अन्नास वापरूं नये, असा नियम भारतीय अन्नसुरक्षा व मानक प्राधिकरणानें १ जुलै २०१८ पासून लागू केला. दिवसास ५० लिटरहून अधिक तेल तळणीस वापरणाऱ्या धंदेवाल्यांनीं त्याची नोंद ठेवावी व टाकाऊ तेल अधिकृत संकलकासच द्यावें, असेंही ठरलें. त्याच २०१८ सालीं जैवइंधनाचें राष्ट्रीय धोरण जाहीर झालें. २०३० पर्यंत डिझेलमध्यें शेंकडा ५ बायोडिझेल मिसळावें असें त्याचें उद्दिष्ट आहे. १० ऑगस्ट २०१९ रोजीं सरकारी तेल कंपन्यांनीं देशांतील शंभर शहरांसाठीं तळणीच्या तेलापासून बनविलेलें बायोडिझेल विकत घेण्याची योजना काढली. पहिल्या वर्षीं लिटरला ५१ रुपये, दुसऱ्या वर्षीं ५२.७० व तिसऱ्या वर्षीं ५४.५० असा भाव तींत बांधून दिला होता.

यांतून शेतकऱ्यानें दोन गोष्टी घ्याव्या. एक, रस्त्यावरील वाहनास मान्य इंधनेंच वापरतां येतात. नुसतें गाळलेलें तळणीचें तेल हें मान्य इंधन नव्हे. दुसरी टाकी बसविणें हाही वाहनांतील फेरफार आहे व त्यास परिवहन खात्याची मान्यता लागते. वाहनांची चांचणी करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही संस्था १९६६ पासून पुण्यांतच आहे. तेव्हां मालमोटारीवर परस्पर प्रयोग करूं नयेत. दोन, गोळा केलेलें तेल पुन्हां खाण्यांत जाणार नाहीं याची जबाबदारी गोळा करणाऱ्यावर आहे. पिंपावर ‘अखाद्य’ असें ठळक लिहावें. कमी भावांत तें मागावयास येणाऱ्या तळणवाल्यास तें विकणें म्हणजे दुसऱ्याच्या मुलांच्या पोटांत विष घालणें होय.

मोगली एरंडाचा धडा

इंधनाच्या मोहाचा एक धडा आपल्याकडे होऊन गेला आहे. २००३ सालीं नियोजन मंडळाच्या समितीनें मोगली एरंड म्हणजे जट्रोफा लावून त्याच्या तेलापासून २०११-१२ पर्यंत डिझेलची शेंकडा वीस गरज भागवावी, अशी शिफारस केली. पडीक जमिनींत, पाण्यावांचून भरघोस बीं मिळेल अशी आशा दाखविली गेली. प्रत्यक्षांत पाण्यावांचून झाड जगलें, पण बीं धरलें नाहीं. आणि पाणी द्यावयाचें तर दुसरें पीक अधिक मोलाचें ठरलें. शेंकडा वीसचें उद्दिष्ट पुरें झालें नाहीं. २००९ च्या धोरणानें तेंच उद्दिष्ट २०१७ पर्यंत पुढें ढकललें. तेंही साधलें नाहीं. झाड वाईट नव्हतें; परंतु जमाखर्च शेतांत न मांडतां कागदावर मांडला गेला. तळणीच्या तेलाच्या बाबतींत तसें होऊं नये.

मग काय करावें

एकट्या शेतकऱ्यास जें परवडत नाहीं तें संघास परवडूं शकतें. आमची सूचना अशी आहे.

तालुक्याच्या संस्थेनें आपल्या परिसरांतील मंगल कार्यालयें, वसतिगृहें, यात्रास्थळें व लहान उपाहारगृहें यांची यादी करावी. जेथें शहरी संकलक पोंचत नाहीं तेथील तेल ठराविक वारीं, परतीच्या मालमोटारींतून, रीतसर परवानगीनें आणावें. म्हणजे वाहतुकीचा निराळा खर्च पडत नाहीं. प्रत्येक पिंपाची आम्ल-परीक्षा करून वहींत नोंद ठेवावी. बरें तेल पुरेसें सांठलें म्हणजे तें परवानाधारक बायोडिझेल कारखान्यास ठोक भावानें द्यावें आणि मिळालेला पैसा सभासदांच्या डिझेलच्या खर्चास लावावा. अशा रीतीनें इंजिनास धक्का न लागतां तेलाचें मोल शेतकऱ्याच्या पदरांत पडेल.

ज्यास स्वतः प्रयोग करावयाचा असेल त्यानें जुनें संथ इंजिन निवडावें, शेंकडा दहा मिश्रणानें आरंभ करावा, भर हिंवाळ्यांत तो थांबवावा, आणि तासांची, वंगणाची व दुरुस्तीची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी. दोनशें तासांनंतर नॉझल व रिंगा उघडून पाहाव्या. पुटें दिसलीं तर प्रयोग बंद करावा. स्वच्छ दिसलीं तर वहीसह ती हकीकत संस्थेकडे कळवावी, म्हणजे ती इतरांच्या उपयोगी पडेल. पाण्याच्या पाळीच्या आदल्या दिवशीं मात्र कोणताही नवा प्रयोग करूं नये.